सात नंबरचा बाण

आमच्या रेंजवर बाण तपासणं ही शिक्षा होती. हे वाक्य मी आजवर कितीतरी पत्रकांच्या माथ्यावर जाड अक्षरांत छापलंय आणि दर वेळी वाचणारा विचारतो, शिक्षा म्हणजे? म्हणजे सरळ शिक्षाच. शनिवारी सगळ्यांचे गुण मोजले जायचे आणि ज्याचे सगळ्यांत कमी, तो रविवारी सकाळी पत्र्याच्या पालथ्या डब्यावर बसायचा. पुढ्यात चौदा मुलांचे भाते, ओंजळभर कापूस, एक रजिस्टर आणि पेन. याला आम्ही ‘डब्बा ड्यूटी’ म्हणायचो. डब्यावर बसलेल्याशी खेळून आलेल्याने बोलायचं नाही, नुसता भाता पायापाशी टाकायचा, असा रिवाज होता. कुणी लिहून ठेवला नव्हता, पण सगळे पाळायचे.

आता ज्यांनी कार्बनचा बाण हातात धरलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. तो पेन्सिलीहून बारीक, आतून पोकळ आणि काळाभोर असतो. लाकडाचा बाण तुटायला आला की दिसतो, अ‍ॅल्युमिनियमचा वाकला की दिसतो. कार्बन आतल्या आत चिरतो आणि वरून गुळगुळीत राहतो. म्हणून दोन्ही टोकं धरून, अंगापासून लांब, तो जरासा वाकवायचा; पाव वळसा फिरवून पुन्हा वाकवायचा; असं चारही बाजूंनी. वाकवताना कान द्यायचा. बारीक करकर आली, नुसता ‘टिक्’ आला, तरी बाण मेला. मग कापसाचा बोळा त्याच्या अंगावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचा, कारण तंतू उसवला असेल तिथे कापूस अडकतो. मेलेला बाण तिथल्या तिथे मोडून टाकायचा, म्हणजे चुकूनसुद्धा कुणाच्या भात्यात परत जाणार नाही. नाही मोडला, आणि दोरी सुटताना तोच मोडला, तर त्याचं मागचं अर्धं लांडं टोक धनुष्य धरलेल्या हातात घुसतं. एवढं साधं आहे. प्रत्येक बाणाला एक मिनिट लागतं. आणि हे मिनिट आमच्या रेंजने कुणाच्या हवाली केलं होतं? जो आधीच हरलाय, ज्याला सगळ्यांसमोर बसवलंय, ज्याला तिथून कधी एकदा उठतो असं झालंय, त्याच्या. त्याने कुणाचा बाण बाद केला तर लगेच ओरडा: “खुद का तो लगता नहीं, हमारे तोड़ेगा!” मग कोण कशाला बाद करेल? सगळे रजिस्टरमध्ये बरोबरच्या खुणा करत सुटायचे. मीही एकदा बसले होते डब्यावर. पंधरा मिनिटांत सगळ्या खुणा करून मोकळी झाले. एकाही बाणाला हात लावला नाही.

मी आत्ता सत्तावीस वर्षांची आहे. आत्मकथन पन्नाशीनंतर लिहावं, तोवर राग निवलेला असतो, असं बाबा म्हणतात. मला राग निवायला नकोय. आणि पन्नाशीपर्यंत माणसाला स्वतःचं चांगलं रूप इतकं पाठ होतं की दुसरं काही आठवतच नाही. म्हणून आत्ताच लिहिते.

आम्ही दिल्लीत मयूर विहारला तिसऱ्या मजल्यावर राहायचो. बाबा एका मंत्रालयात होते, आयुष्यभर फायलींवर टिपणं लिहिली. घरात सकाळ व्हायची ती कुकरच्या शिट्टीने आणि खाली भाजीवाल्याच्या “मटर ले लो, गोभी ले लो”ने. बाल्कनीत आईच्या कुंड्यांच्या मधे मला दोन फुटांची जागा मिळाली होती. तिथे मी रबराची पट्टी धनुष्यासारखी ओढून भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे बघत उभी राहायचे, आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या आंटी आईला विचारायच्या, “लड़की को कोई प्रॉब्लम है क्या?” आई म्हणायची, “नेशनल खेलेगी.” खेळले नव्हते अजून. पण आईने ते सांगून टाकलं होतं, त्यामुळे खेळणं भाग होतं. रविवारी पहाटे ती भोपळ्याचे घारगे तळायची. गुळाचा तो करपट गोड वास आणि वर एक्झॉस्ट फॅनची घरघर, या दोन गोष्टी एकत्र आल्या की अजूनही माझ्या खांद्यावर भात्याचा पट्टा रुततो.

रेंज द्वारकेला होती, म्हणजे ब्लू लाइनने दिल्लीच्या या टोकाहून त्या टोकाला. मेट्रोच्या तपासणीत दर रविवारी तेच नाटक. “ये क्या है? तीर? किसको मारना है?” मग रेंजचं पत्र दाखवायचं. माझ्याबरोबर रुबी असायची. रुबिना तांबोळी, आमच्या पलीकडच्या सोसायटीतली, मूळची सोलापूरकडची. तिचे अब्बा रेल्वेत होते, आयुष्य रूळ तपासण्यात गेलेलं. हातोडीने ठोकून नुसत्या आवाजावरून रूळ ओळखतात, असं ती अभिमानाने सांगायची. माझे घारगे तिला, तिच्या अम्मीची शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीची भाकरी मला, असा डब्याचा व्यवहार राजीव चौक यायच्या आत उरकायचा, कारण तिथे इतकी गर्दी चढायची की पुढे हात हलवणं अशक्य. मेट्रोच्या डब्यात मराठी कळणारं कुणी नसतं असं धरून आम्ही समोरच्या प्रवाशांबद्दल वाटेल ते बोलायचो. आमची मराठी तशी लंगडीच. दिल्लीत वाढलेल्या मुलींची. शब्द अडला की हिंदीचा टेकू द्यायचा. पण ती आमची खोली होती. दार लावून आत बसता यायचं.

रुबीचा एकच दोष होता. दोरी ओढून हनुवटीला लागली रे लागली की तिची बोटं सुटायची. निशाण्यावर नजर ठरायच्या आत बाण गेलेला. इतरांचे हात दोरी ओढून शांत थांबतात. तिचा थांबायचाच नाही. कोच सर सगळ्यांसमोर म्हणायचे, “बेटा जी, ये धनुष है, गरम तवा नहीं. पकड़ के तो रखो.” कोच सर कधी आवाज चढवायचे नाहीत. अपमान करायचा असला की ‘बेटा जी’ म्हणायचे, आणि आम्ही बाकीचे हसायचो, कारण आज ‘बेटा जी’ आपण नाही.

तर डब्बा बहुतेक रविवारी रुबीच्याच नशिबी. आणि गंमत बघा, अख्ख्या रेंजवर बाण खरोखर तपासणारी ती एकटी. मान तिरकी करून, डोळे मिटून, एकेक बाण वाकवून ऐकायची. अब्बांचा कान. त्या वर्षी तिने तिघांचे बाण बाद करून मोडले आणि तिघांनी तिला सोडलं नाही. डब्यावर च्युइंगम लावून ठेवायचे. ‘कबाड़ी’ म्हणायचे. एकदा तिच्या टिफिनमध्ये मोडक्या बाणाचे तुकडे घालून ठेवले, “ले, खा ले.” मी काय केलं? मी हसले. परतीच्या मेट्रोत म्हणाले, “सॉरी गं, ते सगळे हसत होते म्हणून.” हे किती महिने चाललं. मी हिंदीत हसायचे आणि मराठीत सॉरी म्हणायचे. ती म्हणायची, “जाऊ दे ना यार. पण एक सांगू? त्याचा तो तीन नंबर आतून पूर्ण गेलेला होता.”

नवरात्रानंतर लगेच राज्याच्या संघाची निवड होती आणि माझी जागा जवळजवळ नक्की होती. त्याच्या नऊ दिवस आधी, रविवारची तपासणी झाल्यावर, माझा एक बाण निशाणा सोडून लोखंडी स्टँडच्या पायाला घासून गेला. ‘टंग्’ असा आवाज झाला. दुपार होती, सगळे पाणी प्यायला गेले होते. मी जाऊन बाण उचलला. सात नंबर. माझ्या बाराही बाणांवर मी चांदीच्या पेनने नंबर घातले होते आणि सात हा माझा लाडका, मधल्या पिवळ्यातला कायमचा रहिवासी. लोखंडाला लागलेला बाण आधी तपासायचा, मग मारायचा, हा पहिल्या दिवशी शिकवलेला पहिला नियम. मी त्याच्यावरून अंगठा फिरवला आणि भात्यात टाकला.

नवमीला आईने नेहमीप्रमाणे शस्त्रं मांडली. पाटावर विळी, बाबांचं पेन, दादाचा लॅपटॉप, शिलाई मशीनची सुई, आणि मानाच्या जागी माझे बारा बाण, झेंडूच्या पाकळ्यांवर. खालच्या मैदानात रामलीलेचे भोंगे कर्कश लागले होते, रावण हसत होता. आई ओल्या हळदीत बोट बुडवून एकेका बाणाला लावत गेली, कुंकू लावत गेली, आणि सगळं रात्रभर तसंच राहिलं, कारण दसऱ्यापर्यंत हत्यार उचलायचं नसतं. दसऱ्याला सकाळी मी ओल्या फडक्याने बाण पुसायला बसले. अकरा बाण पुसले की काळे कुळकुळीत. सातवा पुसला, आणि त्याच्यावर एक पिवळी रेघ राहिली. केसाएवढी, लांबीला चार बोटं, मध्यापासून मागच्या टोकाकडे गेलेली. पुन्हा पुसली. नखाने खरवडली. हळद वर नव्हतीच, आत होती.

ज्या चिरेसाठी चार वेळा वाकवून कान द्यावा लागतो, ती आईच्या हळदीने रेघ मारून दाखवली होती. मला कळलं. मी पंधरा वर्षांची होते, लहान होते, घाबरले होते, असलं काही मी इथे लिहिणार नाही. मला त्या क्षणी नीट कळलं की हा बाण मेलाय. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, “काय गं, निघाली का हळद?”

“निघाली.”

बाबांच्या टेबलावरचा काळा मार्कर घेतला आणि त्या रेघेवरून एकदा फिरवला. का? निवडीला एका वेळी सहा बाण लागतात. माझ्याकडे अकरा धड होते. बाराव्याची मला काडीची गरज नव्हती. पण सात माझा लकी होता, आणि तो सोडला तर निवड हुकेल असं डोक्यात बसलं होतं. एवढंच कारण. याहून मोठं कारण मी बारा वर्षं शोधतेय.

दुसऱ्या दिवशी रविवार. दसऱ्याला गुण मोजले नव्हते, म्हणून मागच्याच गुणांवरून रुबी पुन्हा डब्यावर. मी माझा भाता तिच्या पायापाशी टाकला आणि रिवाजाप्रमाणे न बोलता वळले. ती एकेक बाण घेत होती, वाकवत होती, कान देत होती. मी पाठमोरी उभी राहून आकडे मोजत होते. चार. पाच. सहा. सात. मग ती थांबली. पुन्हा वाकवल्याचं कळलं. मग कापूस. मी वळून पाहिलं तर ती हातातल्या बोळ्याकडे बघत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तो बोळा मुठीत घेतला. बाण तिने मोडला नाही. नियमाप्रमाणे सगळ्यांसमोर मोडायला हवा होता. तिने तो मांडीआड सरकवला आणि हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, “केतू, सात नंबर बोलतोय गं. आवाज आहे त्याला. राहू दे आज. मी कुणाला सांगत नाही.”

मराठीत म्हणाली. दार लावून म्हणाली.

मी हिंदीत उत्तर दिलं. मोठ्याने. “क्या प्रॉब्लम है तेरी? सबके तोड़ लिए, अब मेरा नंबर? परसों ट्रायल है मेरा, और तू जल रही है!” सगळी रेंज वळली. आता मला थांबता येईना, कारण लोक ऐकत होते आणि मी छान बोलत होते. “डोरी तो पकड़ी नहीं जाती तुझसे. जा, अपने अब्बा के साथ पटरी पे हथौड़ी मार!”

“ओए होए!” कुणीतरी शिट्टी मारली. रुबीचा चेहरा मला आठवत नाही. मी बघितलाच नाही.

कोच सर आले. गळ्यातली शिट्टी बोटाभोवती फिरवत. “क्या हुआ, बेटा जी?”

“सर, आवाज़ है इसमें,” रुबी म्हणाली.

सरांनी बाण घेतला, एकदा वाकवला. एकदाच, आणि वाकवताना आमच्याकडे बघून हसत होते. “बिल्कुल ठीक है. आवाज़ तो तुम्हारे में ज़्यादा है, बेटा जी.” हशा. मग त्यांना काहीतरी सुचलं. चेहऱ्यावरच दिसलं ते. “चलो, ऐसा करते हैं. जिसको डर लगता है, वही चलाएगी. डर ऐसे ही निकलता है. केतकी, अपना धनुष दो इसको.”

माझं धनुष्य तिच्या धनुष्यापेक्षा जड होतं. मी ते दिलं. कुणी माझ्या हातातून ओढून घेतलं नाही. मी चार पावलं चालत गेले आणि तिच्या हातात ठेवलं.

रुबी रेषेवर उभी राहिली. बाण लावला. एकदा माझ्याकडे वळून पाहिलं. मग दोरी ओढली, आणि हनुवटीला आली तरी तिची बोटं सुटली नाहीत. पहिल्यांदाच. माझं धनुष्य तिला पेलत नव्हतं, पण ती धरून होती. मागून कुणीतरी ओरडलं, “अरे, आज तो होल्ड कर रही है!” पोरं मोजायला लागली, “एक! दो! तीन!” मला वाटलं, घाबरलीय. माझ्या तोंडात एक शब्द होता. ‘नको.’ दोन अक्षरं. मी ते गिळले, कारण म्हटलं असतं तर सगळ्यांनी विचारलं असतं, तुला कसं माहीत?

मग तिची बोटं सुटली. आवाज मोठा झाला नाही. भाजलेला पापड मोडावा तेवढाच. धनुष्य खाली पडलं आणि रुबी आपल्या डाव्या हाताकडे बघत उभी राहिली, जणू कुणी तिच्या हातात न विचारता काही देऊन गेलं होतं. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधून काळी पिंजारलेली नळी आत गेली होती आणि मनगटाच्या वर तिचं टोक कातडीखाली उचललेलं दिसत होतं. ती ओरडली नाही. “अम्मी,” एवढंच म्हणाली, आणि खाली बसली. बसली ती डब्यावरच. सवयीने.

सरांनी टॉवेल गुंडाळला, गाडीत घातलं. गाडीचं दार लावता लावता आम्हाला म्हणाले, “बाकी लोग अपना राउंड पूरा करो.” आणि ऐका, आम्ही पूर्ण केला. एका मुलाने बादलीभर पाणी आणून रेषेवर ओतलं आणि आम्ही तिथेच, ओल्यात उभं राहून उरलेले बाण मारले. मीही मारले. अकरा धड बाण होते माझ्याकडे.

दुपारी सर परत आले ते थेट रजिस्टरपाशी. माझ्या नावाच्या ओळीत एक ते सहा चौकोनांत रुबीच्या खुणा होत्या. सातवा रिकामा, पुढचे पाचही रिकामे. “बेटा जी,” सर मला म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडी तो शब्द खरा प्रेमाचा वाटला, “ये तो अधूरा रह गया. परसों ट्रायल है तुम्हारा. रेंज बंद हो गई तो ट्रायल का लेटर कौन देगा?” त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं. रुबी खूण करताना शेवटी एक छोटीशी शेपटी काढायची. मी सहाही वेळा ती शेपटी काढली.

तर कागदावर असं झालं: तपासणी रुबिना तांबोळीने केली, बाण ठीक असल्याची खूण तिनेच केली, आणि दुसऱ्याचं सामान विनापरवानगी वापरताना तिच्याच निष्काळजीपणाने अपघात घडला. माझ्याकडून लेखी जबाब मागितला गेला. तो रात्रीच्या जेवणाआधी डायनिंग टेबलवर बाबांनी तपासला. मी लिहिलं होतं, ‘सरांनी तिला तो बाण मारायला सांगितला.’ बाबांनी चष्मा वर केला. “कुणी सांगितलं हे कशाला? ‘बाण मारण्यात आला’ असं लिही. भावनेच्या भरात काहीतरी लिहून बसशील आणि ट्रायल घालवशील. तिच्या हातावर उपचार होतायत ना? मग झालं.” आईने पानात दसऱ्याची उरलेली पुरणपोळी वाढली. वर तूप. मी दोन खाल्ल्या.

आठवड्याने रुबीचे अब्बा रेंजवर आले. बारीक, उंच, पांढऱ्या शर्टाच्या खिशाला पेन. सरांनी रजिस्टर पुढे केलं. अब्बांनी ती ओळ पाहिली, बराच वेळ पाहिली. त्या खुणांवरून बोट फिरवलं. मग रजिस्टर मिटलं आणि मला म्हणाले, “बरी आहेस ना बेटा? निवड झाली म्हणे.” झाली होती. त्या दिवशी मी फार सुंदर मारलं होतं. हे लिहायची लाज वाटते, म्हणूनच लिहिते. “हो काका,” मी म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले.

कार्बनचे तंतू एक्स-रेत दिसत नाहीत. डॉक्टरांना ते शोधत बसावं लागलं; महिन्या-दोन महिन्यांनी एखादा काळा कण आपणहून वर यायचा. अंगठा पुरता वळेना. हे मला आईकडून कळलं, आईला तिच्या अम्मीकडून. मी भेटायला गेले नाही. मेट्रोत एकटी बसायचे, घारग्यांचा डबा तसाच परत आणायचे, आणि दोन वर्षांत खेळ सुटला, कारण दोरी ओढून थांबले की मागून मोजणारी पोरं ऐकू यायची. एक, दो, तीन.

पुढे कॉलेजात मी पत्रकं लिहायला शिकले. हात चांगला होता. आता आम्ही तिघी-चौघी रेंज-रेंजवर जाऊन पत्रक वाटतो: बाण वाकवा, ऐका, मोडा, जुने बाण वेळेवर बदला, तपासणी शिक्षा म्हणून देऊ नका, ज्याचा बाण त्यानेच रोज तपासावा आणि वर दुसऱ्याने पुन्हा. काही रेंजवाले हाकलतात, काही चहा पाजतात. भाषणात मी नेहमी माझ्या मैत्रिणीच्या हाताची गोष्ट सांगते. त्यात कोच सर असतात, डब्बा असतो, हसणारी पोरं असतात. ऐकणारे संतापतात. काही आया रडतात. हळद मी कधीच सांगितली नाही. मार्कर नाही, शेपटी नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांना ‘लपवू नका’ म्हणून ओरडत फिरणारी बाई ही.

म्हणून हे प्रकरण लिहिलं, आणि छापायला देण्याआधी रुबीला पाठवलं. ती गुरुग्रामला एका ऑफिसात असते. नंबर आईनेच मिळवून दिला. ‘वाच, आणि काय हवं ते बोल’ असं वर लिहिलं. चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी तिचा आवाज आला, मेसेजमधून, मागे कुठल्यातरी ऑफिसचा एसी घुमत होता. सगळं हिंदीत.

“केतकी, पढ़ लिया. एक चीज़ ठीक कर ले. हल्दी का मुझे पता था. रुई पे पीला आया था ना. और काला भी, तेरे मार्कर का. वो मैंने जेब में रख ली, सर देख लेते तो तेरा ट्रायल जाता. और तूने लिखा है कि मैं डर गई थी, इसलिए होल्ड किया. डरी नहीं थी यार. मैं वेट कर रही थी. मुझे लगा तू बोलेगी. जितना खींच सकती थी, उतना रुकी.” मग, “बस. छापना है तो छाप दे.”

मी ते किती वेळा ऐकलं ते सांगत नाही. मग टाइप केलं, ‘रुबी, मला माफ कर असं म्हणायचा मला हक्क नाही, पण एकदा भेटशील का? तुझ्या अम्मीच्या हातची चटणी...’ चटणीपर्यंत लिहिलं आणि तसंच पाठवलं.

लगेच उत्तर आलं. “हिंदी में लिखो प्लीज़. मराठी अब समझ नहीं आती.”

हे अख्खं प्रकरण तिने मराठीतच वाचलं होतं.